वाड्यातली भित्तिचित्रं टिपायला किती गिगापिक्सेल पुरतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही ऐकण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. वाईजवळच्या तुमच्या गावात एक जुना वाडा आहे. माडीवरच्या दिवाणखान्यात पेशवाईच्या उत्तरकाळातली भित्तिचित्रं आहेत. गिलावा ठिकठिकाणी फुगलाय आणि पोपडे पडायला लागलेत. विश्वस्तांनी दोघांकडून दर मागवले. एक जण ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने एका दिवसात व्हर्च्युअल टूर करून देतो म्हणतो. दुसरा 'गिगापिक्सेल पॅनोरामा', म्हणजे बरेच फोटो जोडून केलेलं अब्जभर पिक्सेलचं चित्र, देणार आणि त्याचे बरेच जास्त पैसे घेणार. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स आहे. मग काम कुणाला द्यावं, की आपणच करावं, आणि किती गिगापिक्सेल पुरतील?

गिगापिक्सेल किती, हा प्रश्न विकणाऱ्याने तुमच्या तोंडी घातलाय. तुम्हाला खरं तर दोन वेगळी कामं करून हवी आहेत. एक, चित्रं आज कशी आहेत याची नोंद, जी उद्या संवर्धन करणाऱ्याला, अभ्यासकाला आणि वेळ आलीच तर पोलिसांनाही वापरता येईल. दुसरं, पुण्यात, ठाण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला वाड्यात फिरल्यासारखं वाटावं अशी टूर. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात की टूर बरी होते आणि नोंद कामाची राहत नाही. मी बघितलेल्या बहुतेक प्रकल्पांत असंच झालंय, कारण उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर टूर दाखवता येते, नोंद दाखवता येत नाही.

नोंदीसाठी विचारायचं ते असं: चित्रातली सगळ्यात बारीक कुठली गोष्ट आपल्याला दिसायला हवी? तुमच्या चित्रांत मिशांचे केस, पागोट्याची नक्षी, डोळ्याची कड अशा रेघा असणार. बारीक कुंचल्याची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर धरा. ती नुसती 'आहे' एवढं कळून भागत नाही, तिच्या कडा तुटल्यात का हेही दिसायला हवं, म्हणजे रेघेच्या रुंदीत निदान तीन पिक्सेल पडायला हवेत. म्हणून एका पिक्सेलने भिंतीचा फार तर ०.१५ ते ०.१७ मिमी भाग व्यापावा. आकडा हा ठरवायचा. एकूण पिक्सेल किती होतात ते यातून आपोआप निघतं.

आता हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर ६,००० बाय ४,००० पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा (०.००६ मिमी). भिंतीवर एक पिक्सेल किती जागा घेतो ते काढायला अंतराला पिक्सेलच्या मापाने गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने, भागायचं. ५० मिमी लेन्स तीन मीटरवर असेल तर उत्तर येतं ०.३६ मिमी. त्याच जागी २४ मिमी लेन्स लावली तर ०.७५ मिमी. एका क्लिकवाल्या ३६० कॅमेऱ्याचं चित्र साधारण ७,००० पिक्सेल रुंद असेल, तर तीन मीटरवर एक पिक्सेल २.७ मिमीचा होतो. पहिल्या कंपनीच्या टूरमध्ये मिशा दिसतील, मिशांचे केस नाही.

गिगापिक्सेलवाल्याचं काय? तुमचा दिवाणखाना किती मोठा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सहा बाय नऊ मीटरचा धरतो. मधोमध ट्रायपॉड, ५० मिमी लेन्स, सगळीकडे फिरवून घेतलेला पूर्ण गोल. असा पॅनोरामा सुमारे ५२,००० बाय २६,००० पिक्सेलचा होतो, म्हणजे १.३७ गिगापिक्सेल. आकडा भारदस्त आहे. पण लांब भिंतीच्या मध्यावर तुम्हाला ०.३६ मिमी मिळतात, आणि त्याच भिंतीच्या कोपऱ्याकडे अंतर वाढून ५.४ मीटर होतं, शिवाय भिंत तिरकी दिसते. तिथे आडवा पिक्सेल जवळजवळ १.२ मिमीचा होतो. एकाच चित्रात एका टोकाला तिप्पट कमी तपशील! बाकीचे पिक्सेल कडीपाटावर, जमिनीवर आणि खिडक्यांवर खर्च होतात.

आता तोच कॅमेरा आणि तीच लेन्स घेऊन भिंतीपासून सव्वा मीटरवर समोरासमोर उभे राहा. पिक्सेल ०.१५ मिमीचा होतो. एका फोटोत ९० बाय ६० सेंटिमीटर भिंत येते. मग कॅमेरा भिंतीला समांतर सरकवत, खालून वर रांगा लावत नऊ बाय तीन मीटरची पूर्ण भिंत टिपायची. जोडलेलं चित्र ६०,००० बाय २०,००० पिक्सेलचं, म्हणजे १.२ गिगापिक्सेल. आकडा आधीच्या पॅनोरामापेक्षा थोडा कमीच आहे, पण या चित्राच्या कुठल्याही कोपऱ्यात तपशील सारखाच आहे. दर ऐकताना 'किती गिगापिक्सेल' विचारू नका, 'भिंतीवर एक पिक्सेल किती मिलिमीटरचा, आणि कोपऱ्यात किती' असं विचारा. उत्तर देता आलं तर समोरच्याला काम येतं असं समजायला हरकत नाही.

संग्रहालयंसुद्धा असंच करतात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा केली. त्यासाठी ८,४३९ फोटो घेतले आणि दोन पिक्सेलमधलं अंतर ५ मायक्रॉन ठेवलं. तिथेही कॅमेरा एका जागी फिरवलेला नाही, चित्रासमोर जाळी आखल्यासारखा सरकवला आहे. तुम्हाला त्याच्या जवळपासही जायची गरज नाही, तत्त्व मात्र तेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती न समजल्यामुळे लोक चुकीचं सामान विकत घेतात. पॅनोरामात कॅमेरा जागचा हलता कामा नये. लेन्सच्या ज्या बिंदूभोवती तो फिरतो तो नेमका धरला नाही, तर जवळचा खांब आणि मागची भिंत एकमेकांच्या संदर्भात सरकतात आणि जोड फाटतात. पॅनोरामा हेड लागतं ते याचसाठी. सपाट मोझेक (वर सांगितलं तसं कॅमेरा सरकवून जोडलेलं चित्र) किंवा फोटोग्रामेट्रीत (फोटोंवरून मापं काढण्याच्या पद्धतीत) उलट आहे, तिथे कॅमेरा हललाच पाहिजे. वेगवेगळ्या जागांवरून बघितल्यामुळेच सॉफ्टवेअरला भिंतीचा फुगवटा कळतो. तुमचा गिलावा फुगलेला आहे म्हणता, मग ही फोटोग्रामेट्री तुमच्या फार उपयोगाची. पुढच्या वर्षी पुन्हा केलीत तर फुगवटा किती वाढला ते मोजता येईल. नुसत्या पॅनोरामातून मोजमाप निघत नाही.

ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत सामाईक येणारा भाग, किती ठेवायचा हे भिंतीवर अवलंबून आहे. भिंत खरोखर सपाट असेल तर ३५ टक्के चालतो. फुगवटा असेल तर ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. मग एका लांब भिंतीचे तीनशेच्या वर फोटो होतील. घाबरू नका, एकदा लय लागली की ते एका दिवसात होतात. वेळ जातो तो मांडामांडीत. चित्रं भिंतीच्या एखाद्याच पट्ट्यात असतील तर फोटो बरेच कमी होतील. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर मेशरूम आणि मायकमॅक मोफत आहेत. शिकायला वेळ लागतो, विशेषतः मायकमॅकला.

कॅमेरा सरकवायची पद्धत साधी ठेवा. भिंतीपासून सव्वा मीटरवर जमिनीवर दोरी ताणा किंवा खडूने रेघ मारा आणि तिच्यावर दर ३५ सेंटिमीटरला खूण करा. वरच्या रांगांसाठी कॅमेरा वर तोंड करून तिरका करायचा नाही, कॅमेराच वर न्यायचा. उंच स्टँड लागेल, किंवा रंगारी वापरतात तशी घोडी. शिडी चित्राच्या भिंतीला टेकवायची नाही, 'एक मिनिटासाठी' सुद्धा नाही. फुगलेला गिलावा तेवढ्याने सुटतो. चित्रावर खुणेचं स्टिकर लावायचं नाही, हेही सांगून ठेवतो, कारण सॉफ्टवेअरच्या ट्यूटोरियलमध्ये ते लावलेलं दिसेल. मापाची पट्टी चित्राशेजारी स्टँडवर, भिंतीच्याच पातळीत उभी करा. ती नसेल तर सगळं मोजमाप अंदाजावर जाईल.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ ८ ठेवा. एफ १६ वर गेलात तर छिद्र लहान होऊन प्रकाश पसरतो, त्या डिफ्रॅक्शनमुळे ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तपशील धूसर होतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. आयएसओ १००, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस सगळं मॅन्युअल, आणि एका भिंतीसाठी एकच. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक चौकटीत आपलं मत बदलतो, मग जोडलेली भिंत गोधडीसारखी ठिगळाठिगळाची दिसते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये घ्या. आणखी एक, जुन्या माडीच्या पाटणीवर कुणी चाललं की ट्रायपॉड हलतो. एक्स्पोजर सुरू असताना बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही आणि शटर रिमोटने किंवा टायमरने दाबायचं.

प्रकाशाचं खरं तर वेगळं उत्तर होईल. खिडक्या पूर्णपणे झाका. बाहेरचा उजेड ढगांबरोबर बदलतो आणि झाडांच्या पानांतून आला की हिरवा होतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखेच दोन एलईडी दिवे लावा, ज्यांचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर आहे असे. हॅलोजन नको, तापतात. चित्रांवर कुणी पूर्वी वार्निश मारलेलं असेल तर चकाकी येईल. मग दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावून ती मारावी लागते. चुन्याच्या मॅट भिंतीला त्याची सहसा गरज पडत नाही. प्रत्येक रांगेच्या पहिल्या फोटोत २४ चौकोनांचं कलर कार्ड असू द्या. जुन्या छायाचित्रातला हिरमुसलेला लाल खरा, की त्या दिवशीचा बल्ब पिवळा होता, हा वाद कार्ड असलं की होत नाही.

सगळं झालं की एक जादा फेरी करा. एक दिवा बंद करून दुसरा भिंतीला जवळजवळ चिकटून, तिरपा लावा. चित्रं कुरूप दिसतील, पण प्रत्येक पोपडा, भेग आणि जुनी डागडुजी सावलीसह उठून येईल. हे फोटो टूरमध्ये कुणी लावणार नाही. संवर्धन करणारा मात्र आधी हेच मागतो.

टूरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती तुलनेने सोपी आहे. २४ मिमी लेन्स आणि साधं पॅनोरामा हेड असलं की सुमारे २५,००० पिक्सेल रुंदीचा, म्हणजे साधारण ३०० मेगापिक्सेलचा गोल मिळतो. बघणाऱ्याला खांबावरचं कोरीवकाम दिसायला तेवढा भरपूर झाला. फोटोतला उजेड इथे उलट ठेवा. खिडक्या उघड्या, सकाळचं ऊन आत येऊ द्या, आणि दोन-दोन स्टॉपच्या (दर वेळी उजेड चौपट) फरकाने तीन एक्स्पोजर घ्या, म्हणजे खिडकी जळणार नाही आणि कोनाडेही काळे पडणार नाहीत. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर. जागा ठरवताना खोलीचा मध्य शोधत बसू नका. माणूस वाड्यात शिरताना जिथे थबकतो, म्हणजे दिंडीत, चौकात, जिन्याच्या तोंडाशी, तिथे उभे राहा. जोडायला हगिन मोफत आहे आणि उत्तम आहे. नुकत्याच चुना फासलेल्या कोऱ्या भिंतीवर त्याला जुळणीचे बिंदू सापडत नाहीत, तिथे हाताने द्यावे लागतात. दाखवायला पॅनेलम किंवा मार्झिपानो. दोन्ही चित्राचे छोटे तुकडे करून, बघणारा जिथे झूम करेल तेवढेच पाठवतात, म्हणून गावातल्या फोनवरही चालतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक खूण ठेवा. ती दाबली की तुमचं ०.१५ मिमीचं मोझेक उघडेल. दोन कामं इथे एकत्र येतात, आधी नाही. आणि कृपा करून पार्श्वसंगीताला बासरी नको.

तुमच्याकडचा कॅमेरा पुरतो, मग कंपनी हवी की नको? तुमच्याकडे धीर असलेली दोन माणसं आणि चार-पाच मोकळे दिवस असतील तर भिंतींचं काम स्वतः करा आणि निधी दिव्यांवर, स्टँडवर आणि हार्ड डिस्कवर घाला. टूर बाहेरून करून घ्या. माणसं नसतील तर दोन्ही बाहेर द्या, पण करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सगळ्या रॉ फाइल्स विश्वस्तांना मिळतील, जोडलेलं चित्र पूर्ण आकाराच्या टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) मिळेल, आणि टूर तुमच्या स्वतःच्या जागेवर ठेवता येईल, त्यांच्या वर्गणीवर नाही. पहिल्या दोन अटींना नकार मिळाला तर तिथेच उठा.

या अटी का, ते सांगतो. व्हर्च्युअल टूर नाशवंत माल आहे. फ्लॅश प्लेयर २०२० च्या अखेरीस बंद झाला आणि तोपर्यंत फ्लॅशमध्ये केलेल्या टूर ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. पॅनोरामा जोडण्याचं ऑटोपानो बनवणारी कोलोर ही फ्रेंच कंपनी गोप्रोने २०१५ मध्ये घेतली आणि २०१८ मध्ये बंद केली. ज्यांच्याकडे मूळ फोटो होते त्यांनी ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जोडले. ज्यांच्याकडे नुसती टूर होती त्यांच्याकडे आता काही नाही.

प्रती एका जागी ठेवण्याचं काय होतं ते अजिंठ्याने दोनदा बघितलंय. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात भिंतीवरची मूळ चित्रं झिजतच होती. तुमच्या रॉ फाइल्सची एक प्रत विश्वस्तांकडे, एक गावाबाहेर कुणाच्या घरी आणि एक एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत असू द्या. सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, लेन्स, अंतर आणि भिंतीचा नकाशा ठेवा. 'डीएससी ०४७१' असं कॅमेऱ्याने नाव दिलेला फोटो कुठल्या खणातला आहे, हे दहा वर्षांनी कुणालाच आठवणार नाही.

देवघरातल्या मूर्तींचाही उल्लेख तुम्ही केलाय. त्या जरूर टिपा, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, पट्टीसह. पण त्या टूरमध्ये घालू नका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या मंदिरातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतला होता. तो भारताचाच आहे हे दाखवायला पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातले जुने साधे फोटो उपयोगी पडले, आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली. तो पॅनोरामा नव्हता, झूम नव्हता, नुसती स्पष्ट नोंद होती. उलट मूर्ती, कुलूप, खिडकीचे गज आणि जिना एकाच टूरमध्ये दाखवलात तर चोराला घरबसल्या पाहणी करून दिल्यासारखं होईल.

परवानगीचं वाड्याच्या स्थितीवर ठरेल. केंद्रीय संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी लागेल. ट्रायपॉड आणि कृत्रिम दिवे म्हटलं की तोंडी 'चालेल' पुरत नाही. खासगी असेल तर विश्वस्तांच्या ठरावाबरोबर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. वाडा चर्चेत आला की एरवी फोन न उचलणारा चुलतभाऊही हक्क सांगत येतो, तेव्हा हा कागद हाताशी हवा.

काम कधी करायचं? फुगलेला गिलावा पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून पोपडे पडत असतील तर वैशाखापर्यंत थांबू नका, निदान त्या भागांचे फोटो आधी घ्या. ते घेण्यापूर्वी पडलेले पोपडे झाडून टाकू नका. कुठल्या जागेखाली कुठला तुकडा पडला त्याचाही फोटो काढा आणि तुकडे जागेच्या खुणेसह डब्यात ठेवा. दिवाणखान्याची खरी मापं, भिंतींची उंची आणि खिडक्या कुठल्या दिशेला आहेत एवढं लिहिलंत तर कुठल्या भिंतीला किती रांगा लागतील आणि दिवे कुठे बसतील, त्याचा आराखडा करून देतो.